बहीण बसली आहे

२७ जानेवारी, सोमवार

लेसिएली,

लातू म्हाताऱ्यानं हातातली करवंटी चटईवर उपडी ठेवली आणि माझ्या आईच्या आजीचं नाव घेतलं, तिथं माझं सगळं बदललं. त्या नावाआधी मी केलेपी होतो. त्या नावानंतर तुझा भाऊ.

तुला आठवत नसेल. तुला बरं असतं, काही आठवत नाही. मला ती संध्याकाळ चटईच्या विणीसकट आठवते. नव्या वर्षाच्या प्रार्थनांचा आठवडा, देवळामागची शेड, गावातले पुरुष गोल करून बसलेले, आणि काथवटीशी तू, कुटलेल्या कावाच्या मुळीच्या, झिंग आणणाऱ्या पाण्यात मनगटापर्यंत हात. सगळे तुझी थट्टा करत होते, तू उलट उत्तरं देत होतीस, मी माझ्या पाळीची वाट बघत होतो. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांबा रे. या पोराच्या आईची आजी आणि हिच्या बापाचे आजोबा एकाच आईची पोरं ना? मग ही याची बहीण लागते."

जिच्या हातचा कावा प्यायचा ती गोलातल्या कुणाची बहीण असून चालत नाही. हे आपल्याकडची शेंबडी पोरंही जाणतात.

"ऊठ पोरा," म्हातारा म्हणाला, "बहीण बसली आहे."

मी उठलो. सगळ्यांसमोर. तू मान वर केली नाहीस. कावा गाळायचा सालीचा झुपका पिळत राहिलीस, जणू कुणी परका माणूस चुकून शेडमध्ये शिरला होता आणि आता निघून चालला होता.

आज शाळा उघडली. सुट्टीत माणसं खुळ्यासारखी वागतात आणि शाळा उघडली की शहाणी होतात, असा माझा समज होता. वर्ग उघडला तर कुबट वास, बाकांवर पालींची घाण, आणि फळ्यावर डिसेंबरातली माझीच बेरीज, तीही चुकलेली. दार सुट्टीआधी माझ्या हातून जरा जोरात लागलं होतं, वरची बिजागरी अजून तशीच लोंबते आहे. मालाकाई सर मुख्याध्यापक म्हणून नव्या वर्षाचं पहिलं वाक्य काय बोलले, तर, "केलेपी, तू शिकवायला येतोस की दारं पाडायला?"

पोरं वीतभर उंच झाली आहेत. डोकी भादरलेली, लाल गणवेश कडक, आणि पाढे सगळे समुद्रात सोडून आलेली. पण शिस्त शाबूत आहे. मी आलो की दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली पोरं झटकन हात काढून घेतात. तुझ्या वर्गात आहे का अशी शिस्त? तुझ्या तर अंगाखांद्यावर खेळतात.

मी खरा शिक्षक नाही हे तू मनात म्हणशीलच. नाहीच. कॉलेज अर्धवट सोडलेला, कुणी मिळेना म्हणून लावलेला. तू राजधानीत, नुकुअलोफाच्या कॉलेजातून पास होऊन या बेटावर आलीस म्हणून मी आलो. लोकांना सांगितलं, माझ्या आईचं गाव आहे. त्या आईच्या गावानंच माझा गळा कापला.

पहिल्या दिवशी पोरांना काय द्यायचं सुचेना, तेव्हा म्हटलं, सुट्टीत काय झालं ते एका वाक्यात लिहा. फाताई आठवते ना, पुढचे दात पडलेली? ती उभी राहिली आणि तिनं खणखणीत वाचलं, "सुट्टीत आमच्या सरांना बहीण मिळाली."

पोरं हसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या घरी बाळ झाल्यासारख्या.

मला एकच गोष्ट हवी आहे. लातूकडे जा. मोजण्यात चूक झाली, असं त्याच्या तोंडून गावासमोर वदवून घे. तुझं तो ऐकतो. आपल्या दोन वर्गांत खडूचा डबा एकच आहे, हे पत्र त्यातून येईल. उत्तरही त्यातूनच धाड.

केलेपी
(भाऊ नाही.)


२९ जानेवारी, बुधवार

लेसिएली,

डबा परत आला. तळाशी माझं पत्र, न फोडलेलं. वर दोन नवे खडू. ही कसली थट्टा? पत्र नको, पण माझ्या खडूंची काळजी?

हे पत्र मी फाताईच्या हाती देतो आहे. तिला सांगितलं आहे की बाई फोडेपर्यंत समोरून हलायचं नाही. पोरगी हट्टी आहे, तुला फोडावंच लागेल. आधीचंही सोबत आहे.

काल मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत काय झालं ते तू ऐकलंस, पण पाहिलं नाहीस, कारण मालाकाई सरांनी मधोमध कपाट ओढून ठेवलं आहे. मला म्हणाले, "भाऊ-बहीण एका टेबलाशी बसून हसत-खिदळत चहा पितात, हे पालकांनी पाहिलं तर मला बोटीत बसून पळावं लागेल. तू अलीकडे, ती पलीकडे. चावट गाणी बंद, शिव्या बंद. तिच्या कानावर गेलं तर तुझी अब्रू जाते, माझी नाही."

मी म्हटलं, "सर, डिसेंबरात ती माझी कुणी नव्हती."

"डिसेंबरात आपल्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि कपाटाचं दार लागतं की नाही ते बघू लागले. झालं. एवढ्यात निकाल.

मग पाचवीचा मास्तर सेमिसी. त्याला तर सुट्टीभर खाऊन खाऊन जीभ सुटली आहे. "अरे केलेपी, नशीबवान आहेस! बहीण म्हणून ती आता मानानं तुझ्याहून मोठी. पहिलं कोनफळ तिच्या घरी पोचवायचं. उद्या तिची पोरं येऊन तुझ्या अंगावरचा शर्ट काढून नेतील आणि तू वर हसायचं. लग्नात डुक्कर तुझं."

"कुणाच्या लग्नात?"

"तिच्या रे! मुलगा पसंत पडला की तुलाच विचारतील. भाऊ ना तू?"

माझ्या हातातला कप भिंतीवर गेला. कप जुनाच होता. पण कपाटापलीकडे तुझा चमचा ढवळता ढवळता थांबला, ते मी ऐकलं.

मला आता कळतं आहे यामागे कोण आहे ते. सेमिसी दर शुक्रवारी लातूच्या मांडीला मांडी लावून कावा पितो. त्यानंच म्हाताऱ्याला चढवलं. माझा काटा काढायचा आणि स्वतः तुझ्या काथवटीशी सरकायचं. मी हे शोधून काढणार. मग त्याच्या पुढच्या दातांचं फाताईसारखं झालं तर मला दोष देऊ नकोस.

केलेपी


२ फेब्रुवारी, रविवार

लेसिएली,

रविवारी लिहितो आहे. गाव देवळात आहे, तुझा आवाज कोरसात वरच्या पट्टीत ऐकू येतो आहे, आणि मी मावशीच्या घरी कागद काळे करतो आहे. रविवारी काम म्हणजे पाप, आज कुणी चूलही मोठी पेटवत नाही, पण मला आता देवाची भीती घालू नकोस.

काल मी वाइओला मावशीला विचारलं. ती ओसरीवर केतकीच्या पातींची चटई विणत होती.

"लातू म्हणतो ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग मी वर्षभर तिच्या मागे होतो तेव्हा तुझी जीभ कुठं गेली होती?"

"हे बघ," मावशी म्हणाली, "या बेटावर चार पिढ्या मागं गेलं तर तुझा मालाकाईसुद्धा माझा भाऊ निघेल. आणि तो तर माझा नवरा व्हायचा होता. ज्याला मोजायचं असतं तो मोजतो. बाकीचे लग्न करून मोकळे होतात."

"मग या वेळी कुणाला मोजायचं होतं?"

"ते मला विचारू नकोस. आणि दारातून बाजूला हो, उजेड अडतो आहे."

मी थेट लातूकडे गेलो. म्हातारा किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. मी म्हटलं, "सेमिसीनं तुम्हाला काय कबूल केलं होतं?"

"सेमिसीनं?" तो इतका हसला की सुई वाळूत पडली. "त्याला स्वतःच्या आजोबाचं नाव धड येत नाही. तो काय मोजणार?"

"मग कोण?"

त्यानं सुई शोधली, पुसली, दोरा ओवला. मुद्दाम वेळ काढत होता. मग म्हणाला, "जिला मोजून हवं होतं, ती. नाताळानंतर आली. रीतीनं, कावाची मुळी घेऊन. म्हणाली, आजोबा, या केलेपीचं आणि माझं कुठं जुळतं का बघा ना. मी म्हटलं, पोरी, शोधलं तर जुळतंच. म्हणाली, मग शोधा."

लातूच्या जाळ्याचं पुढे काय झालं ते लातूलाच विचार.

म्हणजे तू. सेमिसी नाही, मालाकाई सर नाहीत, मेलेली म्हातारी नाही. तू स्वतःच्या पायांनी चालत गेलीस आणि माझ्यासाठी बहीण मागून आणलीस. आणि त्या संध्याकाळी मान खाली घालून झुपका पिळत होतीस! मी उठून गेलो तेव्हा खालच्या खाली हसलीस का? खरं सांग. माझ्यात काय कमी होतं की माझ्यासाठी थडगी उकरावी लागली? सरळ तोंडानं सांगता येत नव्हतं?

उत्तर दे. या वेळी खडू नकोत.

केलेपी


६ फेब्रुवारी, गुरुवार

लेसिएली,

मिळालं तुझं उत्तर. अर्ध्या पानाचं. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की आता तुझंच तुला लिहून दाखवतो, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही नीट दिसेल:

"केलेपी, सरळ तोंडानं सांगितलं होतं. कॉलेजात सांगितलं, इकडे येताना बोटीवर सांगितलं, नाताळात तुझ्या मावशीच्या अंगणात सांगितलं. दर वेळी तू विचारलंस, कुणामुळे नाही म्हणतेस? माझं नाही माझंच असू शकतं, हे तुला पटलंच नाही. आणि लातू आजोबांनी एका मेलेल्या बाईचं नाव घेतलं, तर तू एका शब्दात उठलास. तुला जे ऐकू येतं ते मी शोधून आणलं. तू जागचा उठतोस तेव्हा मी आधी माझी बोटं कुठं आहेत ते बघते. पाउलासीची दोन बोटं अजून वाकत नाहीत. लातू आजोबांचं जाळं मी सांधून दिलं आहे. यापुढे लिहू नकोस. लेसिएली."

वा! छान अक्षर आहे. पास झालेल्या बाईंचं अक्षर.

पाउलासीला मध्ये कशाला आणलंस? वसतिगृहाचं दार वाऱ्यानं लागलं. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं आणि आजही हेच सांगतो. त्यानं चौकटीत हात ठेवला हा त्याचा मूर्खपणा. तुझ्याशी नाचला आणि मग माझ्याच खोलीच्या दारात येऊन दात काढत उभा राहिला. प्राचार्यांनी वाऱ्याचं मानलं नाही, म्हणून मी त्यांच्या कॉलेजला लाथ मारली. हाकलण्याआधी निघालो. तुला वाटतं ते मला फार सुखाचं होतं? परीक्षा सोडून, घरच्यांची तोंडं चुकवून, या खडकावर येऊन दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसणं? हे कुणासाठी केलं मी?

सोमवारी वर्गात बेरजा घालताना माझ्या मनात आलं, सुट्टी संपून शाळेत परत येण्यात एवढं जड काय असतं? पोरांनाही जड जातं, मास्तरालाही. कारण सुट्टीत जो आपण झालेलो असतो, त्याला दारातच सोडून आत यावं लागतं. मला तेही भाग्य नाही. तू माझी जी सुट्टी केलीस, ती माझ्याबरोबर रोज वर्गात येते. पोरं मला विचारतात, "सर, बाईंना तुमच्याकडून कोनफळ कधी जाणार?"

आता माझं ऐक. उद्या शाळा सुटल्यावर पालकांचा कावा आहे, शिक्षकांच्या स्वागताचा. माझा वर्ग मोठा म्हणून माझ्याच वर्गात. पाद्र्याची मुलगी सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेली, म्हणून काथवटीशी तुला बसवणार आहेत. मालाकाई सर मला म्हणाले, "तू मागच्या अंगणात मासे भाजायला थांब, म्हणजे प्रश्नच नाही."

मी मासे भाजणार नाही. मी माझ्या वर्गात येणार, गोलात बसणार आणि उठणार नाही. भाऊ असतो तर बसलो नसतो. बसलो, म्हणजे बहीण नाही, हे सगळ्या गावाला समजेल. लातूनं तोंड उघडलं तर तोंडावर सांगेन की म्हातारा खोटं बोलतो आणि हिनं त्याला बोलायला लावलं. मग तू काय करायचं ते कर. भर सभेत काथवट टाकून ऊठ. नाहीतर भावासमोर पुरुषांची थट्टा ऐकत बसून राहा, म्हणजे पालक सोमवारी आपली पोरं तुझ्या वर्गातून काढून नेतील. मला एकट्याला उठवलंस ना? उद्या बघू कोण उठतं.

केलेपी


८ फेब्रुवारी, शनिवार

लेसिएली बाई,

हे पत्र खडूच्या डब्यातून येणार नाही. मालाकाई सरांच्या हाती उघडंच देतो आहे. त्यांनी वाचावं, सेमिसीनं वाचावं, फाताईला अक्षरं जुळत असतील तर तिनंही वाचावं. तुम्हाला आता मी 'तुम्ही' म्हणायचं असतं, म्हणून म्हणतो. यातून गोड अर्थ काढू नका. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

काल तुम्ही मान खाली घालून बसला होतात, तेव्हा जे तुम्हाला दिसलं नसेल ते लिहितो.

दुपारी मी बिजागरी मासे धरायच्या दोऱ्यानं बांधली. पालकांसमोर दार लोंबायला नको, असा सरांचा हुकूम होता. बाक भिंतीला लावले, चटया अंथरल्या. मग मागच्या अंगणात गेलो आणि मासे न भाजता उभा राहिलो. आतून गाणं ऐकू आलं, गाण्यानंतर सेमिसी, "बाई, तुमच्या हातचा कावा प्यायला की पाढे पाठ होतात म्हणे!" आणि तुमचं उत्तर, "तुम्हाला पूर्ण काथवट लागेल." सगळा वर्ग हसला. त्या हसण्यावर मी आत आलो आणि फाताईच्या बापाशेजारी बसलो.

हसणं तिथंच मेलं. सेमिसीचं तोंड पुढचा विनोद काढायला उघडलं होतं, ते तसंच मिटलं. गिटार थांबली. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. ऊठ म्हणा, मग बघतो, एवढीच मी वाट बघत होतो. कुणी म्हणालं नाही. लातू आजोबा माझ्याकडे बघत होते. सरांनी छताकडे पाहिलं.

मग लातू आजोबांनी पुकारलं, "केलेपीला द्या."

तुम्ही करवंटी भरलीत. सांडली नाहीत. फाताईच्या बापानं ती माझ्याकडे आणली. मी प्यायलो, रीतीप्रमाणे टाळी वाजवली, करवंटी परत केली. आणि बोलायला म्हणून गुडघ्यांवर आलो.

मी फक्त गुडघ्यांवर आलो होतो. तोंडातून शब्दही निघाला नव्हता. दाराशी टेकून बसलेल्या बायांनी चौकटीवरचे हात काढून घेतले. खिडकीत लटकलेल्या पोरांनी काढले. फाताईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. पहिल्या पत्रात मी ज्याला शिस्त म्हटलं होतं, ते मोठी माणसं करत होती. सेमिसीनंसुद्धा गिटारीवरून बोटं उचलली. आणि तुम्ही काथवटीतून हात बाहेर काढलेत, ओल्याच मुठी केल्यात आणि मांडीखाली दडवल्यात. दार तुमच्यापासून सगळ्यात लांब होतं.

काल वारा नव्हता. हे मी लिहून ठेवतो. भिंतीवरच्या नकाशाचा कोपराही हलत नव्हता.

तयार केलेलं वाक्य मला सापडेना. तुम्ही उठला नाहीत. तुम्ही उठणार नव्हतात, हे मला तेव्हा कळलं. गावानं पोरं काढून नेली असती तरी तुम्ही मुठी मांडीखाली धरून तिथंच बसला असतात.

"मी निघतो," मी म्हणालो. "बहीण बसली आहे."

"जा पोरा," लातू आजोबा म्हणाले.

बसलेल्या माणसांमधून जाताना वाकायचं असतं तसा वाकून मी दारापर्यंत गेलो. बाया सरकल्या. फाताई वाटेत होती, तिला मी म्हटलं, "बाजूला हो," आणि ती झाली. मी दार धरलं. दोरा बघितला. चौकट वरपासून खालपर्यंत बघितली, कुणाचं बोट नव्हतं. तरी पुन्हा एकदा बघितली. मग बाहेर आलो आणि दार हळू लावून घेतलं.

केलेपी